रेशनकार्डावरचा कॅन्सल

आज कळंबच्या तहसीलमध्ये शिक्क्याच्या शाईचा कडवट वास आला आणि सखूबाई आठवली. तीस वर्षांपूर्वी मी इथेच बाबू होतो. तिच्या रेशनकार्डात वारलेल्या नवऱ्याच्या नावावर मी लाल ‘कॅन्सल’ मारला.

“म्हंजे काय होते, बाबू?” तिनं विचारलं.

“म्हणजे आता ते नाहीत.”

“बरं झालं. मेल्यावरबी रोज सांजेले ओट्यावर येऊन बसते थो.” तिनं फुंकर घालून शाई वाळवली. मला हसू आलं.

आठवड्यानं ती परत आली. “थो येऊनच नाही राह्यला. पुसून दे ना.” पदर ओला करून ती घासत राहिली, लाल डाग तेवढा पसरला.

आज माझ्या गेलेल्या बायकोचं नाव कमी करायला रांगेत उभा होतो. नंबर आला, तसा अर्ज खिशात घातला. सांज व्हायच्या आत घरी पोचायचं होतं.