पुसलेला ट्रक

अन्याय बाबुराव मामांवर झाला. गेल्या वर्षी, दसऱ्याच्या आदल्या रविवारी, सकाळी साडेदहाच्या सुमारास, पडेगावातल्या त्यांच्या घरात, खिडकीजवळच्या टेबलावर. करणारी मी. पत्रकं लिहून लिहून एवढं मला येतं. कुणावर, कधी, कुठं आणि कुणी केलं, हे पहिल्या चार ओळींत यायला हवं, नाहीतर लोक कागदाचा द्रोण करून त्यात चणे खातात. आजवर मी दुसऱ्यांची नावं लिहीत आले. हे माझं स्वतःचं.

मामा गेले त्या दिवशी मी गुलमंडीत पाण्याच्या प्रश्नावरची पत्रकं वाटत होते. मामीचा फोन आला. ती एवढंच म्हणाली, "बाई, तू ये." तिच्या आवाजात काय होतं ते मला कळलं. कळलं नव्हतं असं लिहिलं तर ते खोटं होईल. तरी हातातला गठ्ठा संपवून मगच मी रिक्षा केली. का, ते आजही मला नीट सांगता येत नाही. हाती घेतलेलं काम अर्धं टाकायचं नाही, असं मी सगळ्यांना सांगत फिरते... म्हणून असेल. पोहोचले तेव्हा मामांना बाहेर आणलेलं होतं आणि त्यांचा चष्मा टेबलावरच राहिला होता.

बाबुराव मामा म्हणजे आईचे थोरले भाऊ. तरुणपणी लष्कराच्या गाड्या दुरुस्त करायच्या वर्कशॉपमध्ये ते रंगारी होते, नंतर निवृत्त होईपर्यंत चिकलठाण्याच्या एका कारखान्यात, तेही रंगखात्यातच. छंद एकच. लष्करी गाड्यांच्या प्लॅस्टिकच्या प्रतिकृती आणायच्या, जोडायच्या, रंगवायच्या. खऱ्या गाडीच्या पस्तिसाव्या हिश्शाएवढा ट्रक, तळहातावर मावणारी जीप. पण रंगवून झाल्यावर खरं काम सुरू व्हायचं. ते म्हणजे गाडी जुनी करायची. मामी म्हणायची, "दिवसभर कारखान्यात धूळ बसू नये म्हणून जीव काढायचा, अन् घरी येऊन धूळ बसवीत बसायचं. असला माणूस पदरी पडलाय." मामा मान वर न करता म्हणायचे, "तिथली धूळ फुकटची, इथली कमावलेली."

मी आठवीत असताना त्यांनी मला मिठाची युक्ती शिकवली. आधी गंजाचा तांबूस रंग द्यायचा, तो वाळला की ओलसर करून त्यावर मीठ भुरभुरायचं, वरून हिरवा रंग मारायचा. तो सुकला की बोटानं मीठ खरवडून काढायचं. जिथं मिठाचा दाणा होता तिथं हिरवा रंग निघतो आणि खालचा गंज दिसतो, वर्षानुवर्षं पत्रा झिजावा तसा. भांडी घासायच्या तारेची घासणी पाण्यात कुजवून ते खरा गंज काढायचे. माती तर गावोगावची. कुणी कुठं निघालं की मामा त्याच्या हातात औषधाची रिकामी बाटली द्यायचे. लोक तीर्थाला जाऊन येताना प्रसाद आणतात, आमच्या घरात माती आणायचे. ती मलमलीतून गाळायची, टर्पेंटाइनमध्ये कालवायची आणि बारीक ब्रशानं चाकांच्या कडेला, फळीच्या सांध्यात, पायरीवर बसवायची. वरून वॉर्निश मात्र कधी नाही. "चमक आली की माती मेली," असं ते म्हणायचे. म्हणजे हात लागला, पाणी लागलं, की सगळं जाणार. हे मला माहीत होतं. आठवीपासून माहीत होतं, हे वाचणाऱ्यानं लक्षात ठेवावं.

कॉलेजात गेले, संघटनेत शिरले आणि मामांच्या कपाटाकडं बघायची माझी नजर बदलली. रणगाडे, तोफा, जीपा... मला ते सगळं युद्धाचं कौतुक वाटायला लागलं. तसं मी त्यांना तोंडावर सुनावलंही. मी आले की ते म्हणायचे, "आल्या का पुढारीणबाई? आज कुणाचा निषेध?" मी म्हणायचे, तुमचाच. ते हसायचे आणि मामीला चहा ठेवायला सांगायचे. एकदाही वाद घातला नाही. त्यांच्याकडं उत्तर नाही, असा मी त्याचा अर्थ लावला.

गेल्या वर्षी आम्ही दसऱ्याला वाटायला एक पत्रक काढायचं ठरवलं. मथळा माझा: 'युद्ध हे खेळणं नव्हे'. त्यावर फोटो हवा होता. मी रविवारी पडेगावला गेले. गल्लीत दारोदार दसऱ्यासाठी मोटारसायकली धुणं चाललं होतं, साबणाचं पाणी रस्त्यावरून वाहत होतं. मामा झेंडू आणायला गेले होते. दसऱ्याला ते आपल्या ब्रशांना फुलं वाहायचे. मामी आत होती. कपाटातला मागं तोफ जोडलेला ट्रक मी काढला. फोटोत तो नुसता मातीचा गोळा दिसत होता. मला चकचकीत हवा होता, दुकानातल्या खेळण्यासारखा, कारण मथळ्याला तसाच शोभला असता. मी मोरीत गेले, जुन्या बनियनच्या फडक्यावर भांड्यांचं लिक्विड घेतलं आणि तो पुसून काढला. चाकं, फळ्या, मागचा उघडझाप होणारा फळका आतूनसुद्धा. तसराळ्यातलं पाणी चहासारखं झालं. ते मी ओतून दिलं. टेबलावर ठेवून फोटो काढले. छान आले.

मामा आले. झेंडू खाली ठेवले, चष्मा लावला, ट्रक उचलला. सावकाश फिरवला. मग मागचा फळका नखानं उघडून आत बघत राहिले.

"कोण धुतला?"

"मी. लई धूळ बसली होती, मामा."

त्यांनी फळका बंद केला. मग ट्रक होता तिथं ठेवून म्हणाले, "आता बरोबर झालाय. आमी असाच पाठवायचो परत."

मला ती शाबासकी वाटली. मी हसले. नुसती हसले नाही, मग बक्षीस द्या, असंही म्हणाले. त्यांनी पिशवीतलं एक झेंडूचं फूल माझ्या हातात दिलं.

पत्रक निघालं. हजार प्रती छापल्या. फोटोखाली माझी ओळ: 'ज्यांनी युद्ध पाहिलं नाही, तेच अशी चकचकीत खेळणी जपतात.' गुलमंडीत वाटलं, चिकलठाण्याला कारखान्यांच्या गेटवर वाटलं. एक प्रत मामांना नेऊन दिली, कारण माझी हिंमत मला दाखवायची होती. त्यांनी भिंग लावून सगळं वाचलं आणि म्हणाले, "शुद्धलेखन बरं आहे." मग ते कपाटाकडं वळले. त्यानंतर जवळजवळ वर्ष होतं माझ्या हातात. मी विषय काढला नाही, त्यांनीही काढला नाही.

तेराव्यानंतर मामीनं मला बसवून घेतलं. म्हणाली, वर्कशॉपमधलं मामांचं पहिलंच वर्ष होतं. लढाई थांबून काही दिवस झाले होते आणि परत आलेल्या गाड्या धुऊन, रंगवून, नव्यासारख्या करून पुन्हा पाठवायच्या होत्या. मामांच्या वाट्याला एक ट्रक आला. मागचा फळका उघडला तर आतल्या बाजूनं चार बोटांचे फराटे होते, वरून खाली आलेले, वाळलेले. चिखलाचे की कशाचे, हे मामांनी मामीलाही कधी सांगितलं नाही. हे एवढं राहू द्या, असं ते उस्तादला, म्हणजे वरच्या मिस्त्रीला, म्हणाले. उस्ताद म्हणाला, गाडी उद्या जाणार आहे, रंग मार. मामांनी दोन हात रंग मारला. त्याआधी चाकावरची मूठभर माती खरवडून तंबाखूच्या डबीत भरून घेतली. पुढं कितीतरी वर्षांनी तसाच ट्रक बाजारात मिळाला, तेव्हा ती सगळी माती त्यांनी त्याच्यावर बसवली. आणि फळक्याच्या आत, भिंगाखाली, एका केसाच्या ब्रशानं ती चार बोटं काढली.

"ती माती तेवढीच होती, माय. डबी कवाच रिकामी झाली," मामी म्हणाली.

मी विचारलं, मला का नाही सांगितलं कधी?

"तू कधी इचारलंस? तू आली की तूच बोलायचीस. ते म्हणायचे, बोलू दे, बरोबरच बोलायली ती."

माझ्या पत्रकाला जो पुरावा हवा होता तो त्या ट्रकवर होता. तो मी फडक्यानं पुसला आणि उरलेल्या कोऱ्या ट्रकचा फोटो छापला. युद्ध धुऊन चकचकीत करणाऱ्यांविरुद्ध मी आयुष्यभर लिहीन, पण त्यांच्या यादीत माझं नाव आहे. आणि मामा त्यावर म्हणत होते, बरोबरच बोलायली ती...

मामीच्या सांगण्यावरून मी टेबलाचा खण आवरला. ब्रश, सुया, मातीच्या बाटल्या. ट्रक कपाटात तसाच होता, पुसलेला, हिरवागार. त्याला मामांनी पुन्हा हात लावला नव्हता. खणाच्या तळाशी माझं पत्रक होतं. मजकुरावर कुठंही खूण नव्हती. फक्त फोटोतल्या ट्रकवर काम केलेलं होतं. चाकांना माती चढवली होती, पडेगावचीच असणार, दारातली. पायरीवर गंज होता. आणि बंद फळक्यावर, या वेळी बाहेरच्या बाजूनं, चार बारीक फराटे होते, वरून खाली.

उरलेल्या नऊशे नव्व्याण्णव प्रती बाहेर आहेत. तुमच्यापैकी कुणाच्या तरी घरी असेल, फडताळात अंथरलेली, वहीला घातलेली, किराण्याच्या पुडीतून आलेली. ती शोधा. फाडू नका, मला परतही नको. दाराबाहेर जा, चिमूटभर माती घ्या, पाण्याचा थेंब टाका आणि त्या ट्रकवर चार बोटं ओढा. आजच ओढा.