बर्फ न पाहिलेल्यांचे टायर

किस्से कुणी ठरवून जमवत नाही. एकाच टेबलाभोवती दहा-बारा वर्षं चहा प्यायला की ते आपोआप साचतात, टायरच्या दुकानामागे जुने टायर साचतात तसे. आमचेही तसेच साचले.

मी भांडुपच्या एका टायर कारखान्यात ट्रेसर होते. साहेबांनी पेन्सिलीने काढलेलं ड्रॉइंग मी शाईने ट्रेसिंग पेपरवर उतरवायचे. आमचं टोळकं चौघांचं. डिझाइनचे प्रमुख देवधर साहेब, साचे बनवणारा वेसाव्याचा हिराजी, टायर गाडीला लावून चालवून बघणारा परब, आणि मी, राणेबाई. आजही आम्ही भेटलो की बोलणं फिरून फिरून एकाच विषयावर येतं. बर्फातले टायर.

ही पंच्याऐंशीच्या आसपासची गोष्ट. नॉर्वेच्या एका व्यापाऱ्याचं पत्र आलं. त्याला छोट्या गाड्यांसाठी हिवाळी टायर हवे होते. स्टडवाले की बिनस्टडचे, हे त्याचंच ठरत नव्हतं. दोन्हींचे नमुने बनवा, तपासा आणि तुमचं मत कळवा, असं त्याने लिहिलं होतं.

देवधर साहेबांनी ते पत्र दिवसभर खिशात ठेवलं. तीस वर्षं ते परदेशी कंपनीने पाठवलेली नक्षीच पुन्हा पुन्हा काढत आले होते. रिटायर व्हायला दहा महिने उरले होते, आणि स्वतःच्या नक्षीचा टायर काढायची संधी पहिल्यांदाच आली होती.

* * *

पहिली अडचण म्हणजे स्टड हा काय प्रकार असतो, तेच कुणाला ठाऊक नव्हतं. डिक्शनरीत शर्टाचं बटण निघालं, पुढे घोडे निघाले. परब म्हणाला, तिकडचे लोक श्रीमंत, टायरलाही बटणं लावत असतील.

पत्रासोबत एक अंधुक चित्र होतं. साहेब ते भिंगातून बघत होते. मग त्यांची नजर माझ्यावर आली आणि तिथेच थांबली. मी अवघडले. शेवटी ते म्हणाले, "राणेबाई, राग मानू नका. तुमची चमकी जरा काढून दाखवता का?"

मी नाकातली चमकी काढून दिली. बाहेर खडा, आत दांडी, मागे रुंद फिरकी. साहेबांनी ती कागदावर ठेवली आणि म्हणाले, हेच ते. फिरकी रबरात रुतून बसणार, टोक तेवढं बाहेर राहणार आणि बर्फाला टोचणार.

त्या टायरला शंभरावर स्टड होते. त्यांतला प्रत्येक मी शाईने काढला, उघड्या नाकाने, कारण चमकी दोन दिवस साहेबांच्या टेबलावरच होती. घरी सासूबाईंनी विचारलं, नाक मोकळं का? म्हटलं, टायरला लावलीय.

* * *

दुसरी अडचण बर्फाची. कारखान्यात बर्फ पाहिलेला माणूस शोधायला सुरुवात झाली. स्टोअर्समधला कुलकर्णी नुकताच लग्न करून काश्मीरला जाऊन आला होता. साहेबांनी त्याला कॅन्टीनमध्ये समोर बसवलं, वही उघडली आणि प्रश्न सुरू केले. बर्फ भुसभुशीत होता की कडक? पाऊल किती रुतत होतं? दुपारी त्यावर पाणी सुटत होतं का?

कुलकर्णी लाल होत गेला. शेवटी म्हणाला, "साहेब, खरं सांगू? माझं बर्फाकडे लक्षच नव्हतं."

पण त्याची बायको हुशार होती. तिने नवऱ्याच्या हाती चिठ्ठी पाठवली. तिकडे घोड्यांच्या नालांना खिळे ठोकलेले असतात आणि घोडेवाला स्वतः गवताचे जोडे घालून चालतो. दोघंही घसरत नाहीत.

साहेबांनी ती चिठ्ठी दोनदा वाचली आणि फाइलला लावली. एक खिळ्यांनी धरतो, दुसरा मऊपणाने. खिळ्यांचा टायर तर काढून झाला होता. त्या दिवसापासून साहेब दुसऱ्याच्या मागे लागले. मऊ रबर, आणि त्यावर ब्लेडने चिरल्यासारख्या शेकडो बारीक चिरा. ती नक्षी त्यांनी कुठूनही घेतली नाही. तीन आठवडे काढत होते आणि खोडत होते.

* * *

परबाचा मेव्हणा गोरेगावच्या एका स्टुडिओत सुतार होता. त्याने निरोप पाठवला, आमच्याकडे अख्खा बर्फाचा डोंगर उभा केलाय, टायर घेऊन या. आम्ही चौघं गाडीला चिरांचे नमुन्याचे टायर लावून पोचलो.

डोंगर झकास होता. साहेब पायथ्याशी वाकले, चिमूटभर बर्फ उचलला आणि जिभेवर ठेवला. मीठ होतं. वरचा भाग थर्मोकोलचा.

आम्ही निघणार इतक्यात सेट लावणारे गृहस्थ धावत आले. आम्ही बर्फाचे टायर बनवणारी माणसं आहोत, हे त्यांना कळलं होतं. साहेबांना बाजूला घेऊन त्यांनी हळूच विचारलं, "तुम्ही त्यातले जाणकार. खरा बर्फ असाच दिसतो ना हो?"

साहेबांनी डोंगराकडे नीट पाहिलं आणि प्रामाणिकपणे सांगितलं की ते आम्हीही शोधतोय.

* * *

स्टडवाल्या टायरची चाचणी कारखान्याच्या आवारात झाली. परबाने गाडी सुरू केली आणि असा खडखडाट उठला की ऑफिसातली माणसं खिडक्यांशी आली. एक फेरी मारून परब काच खाली करून म्हणाला, "साहेब, ही गाडी चलता काय तबलो वाजवता?"

मॅनेजरच्या केबिनसमोर त्याच महिन्यात नवं काँक्रीट घातलं होतं. त्यावर पांढऱ्या ओरखड्यांच्या दोन रांगा उमटल्या. मॅनेजर तणतणत बाहेर आले. देवधर साहेब तोवर गुडघे टेकून ओरखड्यांची खोली मोजायला बसले होते. मॅनेजर पाच मिनिटं बोलत होते. ते थांबल्यावर साहेबांनी वर पाहून विचारलं, "अजून एक फेरी मारू का? एका फेरीने सरासरी निघत नाही."

* * *

शेवटी बर्फ हिराजीच्या गावात मिळाला. वेसाव्याला मासळीसाठी बर्फाचा कारखाना आहे. इतके दिवस हिराजी गप्प का होता? त्याला वाटत होतं, साहेबांना परदेशी बर्फ हवाय!

सकाळी तिथे लाद्या ओळीने मांडल्या. टायरचा तुकडा बर्फावर ठेवायचा, वर वजन ठेवायचं आणि ताणकाटा लावून ओढायचं. कडक बर्फावर स्टडने बाजी मारली. साहेबांचा चिरांचा तुकडा मात्र सुळकन सरकला. दहा वेळा ओढला, दहाही वेळा सरकला. साहेब वही मिटून पायरीवर जाऊन बसले. त्यांना असं बसलेलं आम्ही कधी पाहिलं नव्हतं.

हिराजीची आई तिथेच बर्फ घ्यायला आली होती. जन्मभर अनवाणी पायांनी बर्फावर वावरलेली बाई. तिने लादीवरून तळवा फिरवला आणि म्हणाली, "सायबा, बरफ नाय घसरत. वरचा पानी घसरतं."

तिने पदराने लादी पुसली आणि तुकडा पुन्हा ठेवायला लावला. तो हलेना.

साहेब ताडकन उठले. चिरा पाणी पुसू शकतील, पण त्या पाण्याला बाहेर पडायला वाट हवी. त्यांनी गाडीच्या बॉनेटवर कागद पसरून कडेला उघडणाऱ्या तिरक्या खाचा काढल्या. नवा साचा व्हायला महिना गेला. पुढच्या खेपेला ओल्या लादीवर तो तुकडा स्टडच्या जवळपास पोचला, पण कडक बर्फावर स्टडच वरचढ राहिला.

मत कळवताना साहेबांनी दोन्ही लिहिलं. तुमचा रस्ता सदा कडक बर्फाचा असेल तर स्टड घ्या. गावातला, कधी ओला, कधी कोरडा असेल तर चिरांचा घ्या, नाहीतर रस्ते आमच्या काँक्रीटसारखे होतील. आणि शेवटी एक ओळ: हे मत देणाऱ्याने बर्फाचा रस्ता पाहिलेला नाही.

मॅनेजर म्हणाले, ही ओळ काढा. साहेबांनी काढली नाही.

* * *

ऑर्डर छोटीच आली, पण चिरांच्या टायरची आली. माल बोटीवर चढला आणि साहेब रिटायर झाले. हार, नारळ, भाषणं सगळं झालं.

फेब्रुवारीत व्यापाऱ्याचं पाकीट आलं. आत पत्र नव्हतं, एक मोठा फोटो होता. पांढराशुभ्र रस्ता, दोन्ही बाजूंना झाडं, आणि मधोमध ताज्या बर्फावर लांबपर्यंत उमटत गेलेली दोन चाकांची नक्षी. प्रत्येक चीर स्पष्ट दिसत होती. ती मीच शाईने काढलेली, तरी मला ओळखायला क्षणभर वेळ लागला.

त्या रविवारी आम्ही तिघं फोटो घेऊन मुलुंडला साहेबांच्या घरी गेलो. वहिनींनी पोहे केले होते. साहेबांनी फोटो हातात घेतला आणि खिडकीपाशी गेले. बराच वेळ पाठमोरे उभे होते. पोहे निवले, तरी कुणी हात लावला नाही.

मग साहेबांनी वहिनींकडे भिंग मागितलं. फोटो पुन्हा या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिला, चष्मा काढून पुसला, आणि माझ्याकडे वळून म्हणाले,

"राणेबाई, उद्या त्यांना पत्र टाका. उजव्या चाकात हवा कमी आहे."