एवढं सगळं जातं कुठं

१२ जून रोजी काटेवाल्यांच्या खात्यावर अठरा लाख सत्तेचाळीस हजार तीनशे सोळा रुपये जमा झाले. छत्तीस वर्षांची नोकरी त्या दिवशी खऱ्या अर्थाने संपली. बँकेतून घरी आल्यावर चपला काढायच्याही आधी त्यांनी बायकोला सांगून टाकलं, "मी ठरवलंय. आपण शहरात राहायला जायचं."

"कुठल्या शहरात?"

"जिथं सगळे ट्रक जातात, त्या."

"उन्हातून आलात," बायको म्हणाली. "आधी पाणी प्या."

गावाबाहेरच्या वजनकाट्यावर ते कारकून होते, म्हणून काटेवाले. त्यांचं खरं नाव फक्त पगारपत्रकात होतं. प्रत्येक ट्रक त्यांच्या काट्यावर दोनदा चढायचा, आधी रिकामा, मग भरलेला. दोन्ही वजनं हातात आल्याशिवाय त्यांनी कधी चिठ्ठी फाडली नाही. मालक ओरडो, ड्रायव्हर हॉर्न वाजवो, ते जागचे हलत नसत. धान्य, कांदे, लाकूड, विटा, रोज साठ-सत्तर ट्रक भरून एकाच दिशेने जायचे आणि रिकामे परत यायचे. हौदात इतकी वर्षं पाणी सोडलं असतं, तर तो कधीच काठोकाठ भरून वाहिला असता. शहर काही भरत नव्हतं. "एवढं सगळं जातं कुठं?" असं ते ड्रायव्हरांना विचारायचे. ड्रायव्हर हसायचे. "काका, उतरवलं की दिसेनासं होतं. आम्हाला तरी कुठं कळतं?"

हा प्रश्न काटेवाल्यांच्या मनात घर करून बसला होता. आता पाहायची वेळ आली होती.

मेहुण्याला ही गोष्ट कळली आणि तो सिमेंटचं दुकान अर्धवट टाकून धावत आला. "दाजी, माणसं म्हातारपणी शहर सोडून मोकळ्या हवेला येतात. तुम्ही उलटे निघालात! डोकं ठिकाणावर आहे ना?"

"तुला गोदामाला जागा हवी होती ना? आमचं घर घे."

मेहुणा एकदम मवाळ झाला. "तसं म्हणाल तर हवा शहरातही असतेच म्हणा," तो म्हणाला. त्याने दोन महिन्यांत हो की नाही ते सांगा म्हणून मुदत घातली.

बायकोने मात्र अट घातली. एक महिना भाड्याने राहून बघायचं. महिन्याच्या शेवटी ती हो म्हणाली तर घर विकायचं. नाही म्हणाली तर गुपचूप परत यायचं, आणि काटेवाल्यांनी पुन्हा जन्मात शहराचा विषय काढायचा नाही. काटेवाल्यांनी मान हलवली. छत्तीस वर्षांची इच्छा एका शब्दावर येऊन बसली, आणि तो शब्द त्यांच्या हातात नव्हता.

चौथ्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या. नळाला पाणी येण्याआधी भिंतीतून कुणीतरी खाकरल्यासारखा आवाज यायचा. खिडकीतून समोरची इमारत दिसायची, बाकी काही नाही. पण पहिल्या संध्याकाळी काटेवाले त्या खिडकीशी खुर्ची टाकून बसले ते उठेचनात. त्यांनी खिडक्या मोजल्या. दोनशे सोळा. एकेक दिवा लागत होता आणि प्रत्येक दिव्यामागे कुणीतरी भांडत होतं, केस विंचरत होतं, मुलाला शिकवत होतं.

"अगं, आपल्या अख्ख्या गावात एवढी घरं नाहीत. आणि ही एक इमारत!"

"मोजून झालं असेल तर जेवायला या."

बायकोचं मन रमत नव्हतं. जिन्यात भेटणारी माणसं फोनकडे बघत चालायची. "इथं माणूस मेला तर भाड्याच्या तारखेलाच कळेल," ती म्हणायची. काटेवाले दर दोन दिवसांनी विषय काढायचे. दहाव्या दिवशी ती वैतागली. "तुम्ही एका वजनावर चिठ्ठी फाडता का कधी? मग मी का फाडू? महिना होऊ द्या."

काटेवाल्यांनी खुर्ची पुन्हा खिडकीशी ओढली.

अठराव्या दिवशी तिचा दुरुस्तीला दिलेला वाचायचा चष्मा आणायचा होता. चष्मेवाला तीन थांब्यांवर होता. काटेवाल्यांचा गुडघा धरला होता, म्हणून ती एकटीच निघाली. त्यांनी नेहमीप्रमाणे चिठ्ठी लिहून दिली, आणि चष्म्याशिवाय तिला ती वाचता येणार नाही हे लक्षात आल्यावर तोंडी पाठही करून घेतलं. बस पंचवीस नंबरची. पिवळा ट्रक उभा असतो त्या बाजूने पकडायची. जाण्यायेण्याचे सुटे पैसे त्यांनी मोजून तिच्या मुठीत ठेवले.

गावी काट्यासमोर एक बिघडलेला ट्रक अकरा वर्षं उभा होता. सगळं गाव त्याच्यावरून पत्ते सांगायचं. शहरातला पिवळा ट्रकही सतरा दिवस एकाच जागी उभा होता, तेव्हा तो तिथलाच, असं काटेवाल्यांनी धरून चाललं होतं. त्या सकाळी तो रस्ता ओलांडून पलीकडे उभा राहिला.

ती दहाला निघाली. अकरा वाजले, साडेअकरा वाजले. तिचा फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावलेला होता, तिथेच वाजला. गुडघा धरून काटेवाले चार मजले उतरले, थांब्यावर गेले, आणि पिवळा ट्रक पलीकडे पाहून मटकन कठड्यावर बसले. प्रत्येक बस यायची, माणसं ओतायची, माणसं भरून घ्यायची आणि निघून जायची. एवढ्या माणसांत एक बाई शोधायची कशी? ज्या गोष्टीचं इतकी वर्षं नवल वाटलं, तिचीच आता भीती वाटत होती. उतरवलं की दिसेनासं होतं. ड्रायव्हरांचे शब्द कानात घुमत होते. आत्ताच्या आत्ता ती समोर आली तर संध्याकाळच्याच गाडीने परत जाऊ, असं त्यांनी मनातल्या मनात कबूल करून टाकलं.

पाऊण वाजता ती बसमधून उतरली. चेहरा लाल झालेला, केस उडालेले. चष्मा आणलेलाच नव्हता.

"अगं, होतीस कुठं? जीव अर्धा झाला माझा!"

"अहो, ती बस गोल फिरते. सगळ्या शहराला वळसा घालून परत इथंच येते. मी उलट्या बाजूने बसले." ती त्यांच्या शेजारी कठड्यावर टेकली. "मला वाटलं, आता संपेल, मग संपेल. पण अहो, ते संपतच नाही! बघण्याच्या नादात चष्मेवाल्याचा थांबाही निघून गेला. नदी आली, पूल आला, पुलाखाली आणखी रस्ता, त्याच्याखाली आणखी माणसं. एक दवाखाना इतका लांब, की बस त्याच्यासमोर तीनदा थांबली. आणि एक गोष्ट सांगू? तुमचे ट्रक पाहिले मी."

"माझे?"

"बाजाराचं आवार. नव्वदपर्यंत मोजले, मग सोडून दिलं. पोती उतरतायत आणि दुसऱ्या दाराने हातगाड्या, टेम्पो, सायकली भरून बाहेर पडतायत. मुंग्यांसारख्या. कुठं जातं विचारत होतात ना? सगळीकडे जातं. मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं." मग जरा थांबून तिने चिमटा काढला, "तुम्ही अजून नाही पाहिलं."

काटेवाल्यांनी विचारलं, "घाबरली नाहीस?"

"पहिले पाच थांबे घाबरले. पैसेही पुरेनात. कंडक्टरबाई म्हणाल्या, मावशी, खिडकीशी बसा, वरचे चौदा रुपये मी घालते. ना ओळख, ना पाळख. काटेवाल्यांची बायको का, असंही कुणी विचारलं नाही मला. गावात गेल्या तीस वर्षांत मला एकदा तरी असं मोकळं कुणी सोडलंय का?"

समोरून पिवळा ट्रक सुरू होऊन निघून गेला.

"तू म्हणशील तर आजच परत जाऊ," काटेवाले म्हणाले. कबूल केलेलं त्यांना पाळायचं होतं.

"कशाला? रिकामं वजन तिकडचं झालं, भरलेलं आज झालं. फाडा चिठ्ठी. आणि उद्या गुडघ्याला पट्टा बांधा, तुम्हाला बाजार दाखवते."

त्यांनी तिथूनच मेहुण्याला फोन केला. दुसऱ्या दिवशी दोघं त्याच बसमध्ये बसले. बाजाराच्या आवारापाशी काटेवाले उठून उभे राहिले आणि बस पुढे गेली तरी मान वळवून बघत राहिले. बसमध्ये कंडक्टर दुसरेच होते. त्या बाईंची बदली झाली होती, कुठल्या मार्गावर ते या कंडक्टरना ठाऊक नव्हतं.

त्याला आता दोन वर्षं झाली. चौदा रुपये अजून द्यायचे आहेत.