पडलेली सफरचंदं

यशवंत जाधवचा जन्म सोलापूरच्या तारेच्या कुंपणातल्या वसाहतीतला. त्यांची जमातच सरकारदरबारी चोर म्हणून नोंदलेली. बाप शमुवेल सकाळ-संध्याकाळ पोलिसांकडे हजेरी द्यायचा. पाद्रीसाहेबांनी त्याच्याकडून बायबलातलं एकच वचन घोकून घेतलं होतं: चोरी करणाऱ्यानं ती सोडावी, हातानं कष्ट करावेत, म्हणजे गरजवंताला द्यायलाही काही उरेल. त्या वचनावर शमुवेल गिरणीत लागला, पोरगा लेथ शिकला आणि १९६१ साली जर्मनीतल्या बोब्लिंगेनच्या एका कारखान्यात प्रशिक्षणाला आला.

कारखान्याच्या वाटेवर सफरचंदाची झाडं होती. गवतात फळांचा सडा पडलेला असायचा. यशवंत येताजाता खिसे भरायचा. मळ्यात पडलेली फळं गरिबाची आणि परक्याची, असं त्याच बायबलात आहे.

"आणि माझ्याहून परका या गावात कोण आहे?" तो खोलीतल्या विनयला म्हणायचा. पुण्याचा विनय स्टुटगार्टला संशोधन करत होता. तो काही न विचारता खायचा.

एका शुक्रवारी झाडांची मालकीण, म्हातारी फ्राउ हेबर्ले, काठी टेकत आडवी आली.

"खिशात काय आहे?"

"खाली पडलेली होती."

"खालचीच तर माझी! वरची तोडतंय कोण? पडू द्यायची, वेचायची, रस काढून आंबवायचा. वर्षभर तेच पितो आम्ही. सोमवारी कारखान्यात तुमच्या वरच्या माइस्टरला विचारते, चोर कधीपासून ठेवायला लागलात म्हणून."

खोलीवर हे ऐकून विनयला हसू आलं. "अरे, जर्मन कळत नाही म्हणायचं आणि दुसऱ्या रस्त्यानं जायचं! सफरचंदांसाठी कोणी फासावर चढवत नाही."

"तुला नाही चढवणार. तुझ्या बापानं हजेरी दिलेली नाही."

यशवंतनं बायबल उघडलं. शास्त्रात मालकाची वेचणी आधी होती, परक्याचा वाटा मागून. आणि लगेच पुढच्या ओळीत होतं, चोरी करू नका. ती ओळ त्याला लहानपणापासून पाठ होती.

शनिवारी तो म्हातारीच्या दारात उभा राहिला.

"खाल्लेली परत देता येत नाहीत. राहिलेली वेचून देतो."

"पैसे मिळणार नाहीत."

"नकोत. माइस्टरला सांगणार आहात?"

"ते सोमवारी बघू. पोत्याचं तोंड धर आधी."

दिवसभर तो वाकून वेचत होता. कडेच्या झाडाकडे वळला तेव्हा म्हातारीनं काठी आडवी धरली.

"तिथली राहू देत, परक्यासाठी. बायबल मीही वाचते."

यशवंतनं त्या फळांना हात लावला नाही. सोमवारी माइस्टर लेथपाशी आला. यशवंतनं मशीन बंद केलं.

"पाठ कशी आहे?" माइस्टरनं विचारलं. "फ्राउ हेबर्ले सांगत होती, कामाला चांगला आहे, पण वाकायची सवय नाही."

त्या संध्याकाळी यशवंत कडेच्या झाडाखाली गेला, पिशवी भरली आणि आधी इटालियन मजुरांच्या बराकीत गेला. तिथं वाटून उरलेली घेऊन तो खोलीवर आला. विनयनं एक उचललं, पण चावा घेतला नाही.

"ही कुठली?" त्यानं विचारलं.