दोन बोटं आखूड

मोटारींचे सुटे भाग तपासायची माझी नोकरी आहे. कारखान्यात समोर येणारा प्रत्येक भाग खराबच आहे असं धरून मी सुरुवात करते, आणि तो चांगला निघाला तर मनातून थोडी नाराज होते. नवरा म्हणतो, हा स्वभाव कंपनीच्या बसमध्ये ठेवून घरी येत जा. पण स्वभाव म्हणजे काही हेल्मेट नव्हे, काढून खुंटीला अडकवायला.

त्यामुळे अप्पांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, एका रविवारी आपली रायफल कपाटातून काढून गच्चीवर नेली तेव्हा माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकलीच.

अप्पा तंजावरकडच्या मराठी घरातले, पण आयुष्य गेलं लष्करात. निवृत्त होताना वापरातून काढलेल्या जुन्या रायफली तिथल्यांना स्वस्तात मिळत, त्यातली एक त्यांनी परवाना काढून घेतली होती. पूर्वी ते दर रविवारी नेमबाजीच्या क्लबात जात. खांद्याचं ऑपरेशन झालं आणि तो छंद सुटला. मग रायफल कपाटात, तिचा बोल्ट वेगळ्या कुलपात आणि किल्ल्या अप्पांच्या जानव्याला, अशी ती आमच्या चेन्नईतल्या मैलापूरच्या घरात नांदत होती. बोल्ट नसलेली रायफल म्हणजे नुसतं लोखंड आणि लाकूड, हे मला ठाऊक होतं. तरी मी त्या खोलीत केर काढताना कपाटाकडे पाठ करत नसे.

गच्चीवर त्यांनी रायफलीचा लाकडी दस्ता सुटा केला आणि जुनं पॉलिश खरवडायला बसले.

"काय चाललंय, अप्पा?"

"जुनं झालं न्हवे? पॉलिश काढतों. वेळ जातो."

वेळ जायला अप्पांकडे सकाळचं देऊळ होतं, संध्याकाळचं गानसभेतलं गाणं होतं, आणि मधल्या वेळात पेपरातल्या इंग्रजी चुका शोधणं होतं. वेळ जात नाही असं त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. कुठेतरी पाणी मुरत होतं.

खरं तर त्या दिवसांत आम्हा नवराबायकोचंही एक गुपित होतं. मला चाकणच्या कारखान्यात मोठी जागा देऊ केली होती. पुण्याजवळ, माझ्या माणसांत, माझ्या भाषेत. नवऱ्याची बँक त्याला तिकडे बदली देणार होती. प्रश्न एकच होता, अप्पांचा. सत्तरी ओलांडलेला माणूस, सासूबाई जाऊन काही वर्षं झालेली. ते मैलापूर सोडणार नाहीत हे आम्ही न विचारताच धरून चाललो होतो, आणि त्यांना एकटं टाकून जायचं तर ते सांगायचं कुणी, यावर आमचं घोडं अडलं होतं. बोलणं व्हायचं ते स्वयंपाकघरात, माझ्या सुसाट पुणेरी मराठीत. अप्पांची मराठी वेगळी, शेकडो वर्षांपूर्वी इकडे आलेली, तमिळ हेल घेतलेली. आपलं भरभर बोलणं त्यांना उमगत नाही, अशी आमची खात्री होती.

अप्पांची गुप्त भाषा तमिळ होती. एका दुपारी ते जिन्यात फोनवर कुणाला तरी हळू आवाजात सांगत होते, "कट्टै चिन्नदा वेट्टणुम. वीट्टुल यारुक्कुम तेरियक्कूडादु."

शेवटचं मला बरोबर कळलं, कारण कारखान्यात ते रोज ऐकू येतं. घरात कुणाला कळता कामा नये. पण माझे कान टवकारले ते पहिल्या शब्दावर. महाराष्ट्रातल्या पेपरात एक दिवसाआड बातमी असते, अमक्याकडून गावठी कट्टा जप्त. कट्टा म्हणजे चोरून बनवलेलं पिस्तूल. माझे सासरे, कपाळाला गोपीचंदन लावणारे, कट्टा बनवून घेत होते, तोही लहान.

संध्याकाळी नवरा घरी येताच मी त्याला बाथरूमपाशी गाठलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि भिंतीला टेकून हसत सुटला. "कट्टै म्हणजे लाकूड," तो म्हणाला. "आसारीला, सुताराला फोन केला असेल. दस्ता कापून घ्यायचा असेल." शेजारी गाणं शिकवणाऱ्या मामी मुलींना साडेपाच कट्टैत गा म्हणतात, तेही लाकूडच का, असं विचारल्यावर तर तो खालीच बसला. ती सुराची पट्टी असते म्हणे.

त्याचं हसून झालं, पण माझा प्रश्न तसाच राहिला. लाकूड तर लाकूड. ते लहान कशासाठी कापायचं? दस्त्याची लांबी हाताप्रमाणे लागते. अप्पा उंच, हात लांब, आणि त्यांच्या खांद्याला आता रायफलीचा धक्का सोसणार नाही. नवरा त्यांच्याहून उंच आणि फटाक्यालाही घाबरणारा. मग कुणासाठी? आणि घरात कळू न देता का? विकणार असतील तर कुणाला? मी नवऱ्याला हे सगळं विचारलं. तो म्हणाला, "तू झोप."

मग माझा शर्ट नाहीसा झाला. कंपनीचा, लांब बाह्यांचा. दोरीवर वाळत घातला होता, तो काढायला गेले तर नाही. मी आधी इस्त्रीवाल्यावर संशय घेतला, मग कामवालीवर, आणि तिला तोंडावर विचारायच्या बेतात होते तेवढ्यात शर्ट परत दोरीवर आला. घडी वेगळी पडलेली. बाहीत बारीक भुसा आणि कोपराच्या ठिकाणी पेन्सिलीची रेघ.

मी तो शर्ट न धुता ठेवून दिला. नोकरीत आम्ही असंच करतो, सापडलेला दोष पुसायचा नाही.

पुढच्या रविवारी अप्पा देवळात गेले आणि मी गच्चीच्या खोलीत शिरले. समुद्रावरचा वारा सुटला की त्या खोलीचं दार धडाधड आपटायचं. अप्पा दरवेळी त्याखाली पेपराची घडी सारायचे आणि दरवेळी ती निसटायची. आत जवसाच्या तेलाचा वास भरला होता. रायफल पुन्हा जोडून भिंतीला टेकवलेली होती आणि मला ती ओळखू आली नाही. लष्करी काळपट थर जाऊन आतून मधासारखं लाकूड निघालं होतं. दस्ता सडपातळ झाला होता आणि मागून चांगला दोन बोटं आखूड. फळीवर अप्पांचा रुमाल होता. तो उघडला तर आत कापून काढलेली चकती, जुन्या पॉलिशसकट, तीट लावून ठेवलेल्या बाळासारखी गुंडाळलेली.

टाकायचा तुकडा कुणी रुमालात ठेवतं का?

मी रायफल उचलली. कशी धरतात ते क्लबातल्या फोटोंत पाहिलं होतं. दस्ता खांद्याच्या खोबणीत जाऊन बसला, गाल लाकडाला टेकला आणि बोट आपोआप चापापाशी पोचलं. तेव्हा मला कळलं, माप माझं होतं.

मला आनंद झाला असं कुणाला वाटेल. मला भीती वाटली. कुणी न सांगता आपल्या मापाचं काही करून ठेवलं की त्यात आपल्याला घालायचा बेत असतो.

दार आपटलं. अप्पा उंबऱ्यात उभे होते.

"बसली काय बरोबर?" त्यांनी विचारलं.

"हे काय आहे, अप्पा?"

ते स्टुलावर बसले. म्हणाले, "परवाना वारसास देतां येतो. तुझ्या नवऱ्यास नको. सुनेसही चालतं, मी विचारून आलों."

"मला कधी विचारलंत?"

"तुज विचारलं असतं तर तूं शंभर प्रश्न केले असतेस."

ते खरंच होतं, पण मी तेवढ्यावर सोडणार नव्हते. "आम्ही चाकणला जाऊ नये म्हणून हे सगळं?" मी बोलून गेले, आणि जीभ चावली. चाकण त्यांना कुठे माहीत होतं?

अप्पा चष्मा पुसत राहिले. "स्वयंपाकघरांत तुम्ही दोघं बोलतां," ते म्हणाले, "ती मराठीच न्हवे? मज कळते मराठी."

मला त्यांच्याकडे बघवेना. इतके दिवस हा माणूस पलीकडच्या खोलीत बसून आपल्याला टाकून जायचे बेत ऐकत होता, आणि आम्ही बाहेर आलो की कॉफी घ्यायची का, म्हणून विचारत होता.

"जा कीं," ते म्हणाले. "कोण अडवतो? पण एकट्या म्हाताऱ्याच्या घरीं रायफल शोभत नाहीं. ठाण्यांत जमा करावी लागेल. तुज दिली तर घरांत राहील."

"रायफल घरात राहावी म्हणून, की आम्ही?"

त्यांनी जरा विचार केला. "दोन्हीं," ते म्हणाले.

"आणि तो तुकडा?"

"तूं नको म्हटलीस तर परत चिकटवायास नको? आतां ती मज बसत नाहीं."

मला नको म्हणवलं नाही; मी परवान्याचा अर्ज केला. अर्जाला पत्ता चेन्नईचाच हवा आणि निकाल लागेपर्यंत तो बदलून चालत नाही, हे अप्पांनी मला सही झाल्यावर सांगितलं. आधी माहीत नव्हतं म्हणाले. माझा त्यावर आजही विश्वास नाही.

चौकशीला पोलीस आला तो एका सुट्टीच्या सकाळी. पंख्याखाली बसून त्याने अप्पांना चार प्रश्न विचारले, मग माझ्याकडे वळला. "इंगेदान इरुप्पींगळा?" इथेच राहणार का? अप्पा एकदम कॉफीच्या रिकाम्या टंब्लरमध्ये काहीतरी शोधायला लागले.

"आमाम्," मी म्हटलं. हो.

तो गेल्यावर अप्पांनी विचारलं, "खरं सांगितलंस कीं पोलिसासाठीं?"

"खरं. चाकणला नाही म्हणून कळवलं, कालच."

मी ते का कळवलं याची मी बरीच कारणं जुळवली होती, पण खरं एकच होतं. ती चकती रुमालात बघितल्यापासून मला या माणसाला सोडून जाववत नव्हतं. तेही सांगायचं होतं, पण अप्पांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की ते राहूनच गेलं. ती नजर माझ्या ओळखीची होती. मी कारखान्यात दिवसभर तीच लावून बसते.

संध्याकाळी त्यांनी मुलाला गच्चीवर बोलावून घेतलं. दोघांची उत्तरं जुळतात का, हे त्यांना तपासायचं होतं. मी खाली शेंगा निवडत बसले आणि दार आपटायची वाट बघत राहिले, कारण वारा बराच सुटला होता. ते आपटलं नाही. शेवटी मी वर जाऊन पाहिलं. बापलेक कठड्याला टेकून काहीतरी बोलत होते. दाराखाली पेपराच्या घडीऐवजी ती लाकडाची चकती ठोकून घट्ट बसवलेली होती, आणि अप्पांचा रुमाल त्यांच्या खांद्यावर होता.

तेव्हापासून ते दार वाजत नाही.