उंबऱ्याबाहेरची तपासणी

"आतलं बटण दाबा. लागला दिवा? झालं तर मग."

तो आमच्या उंबऱ्याबाहेर उभा होता आणि मी माझ्याच घरात त्याच्या हुकमानं बटणं दाबत होते. त्याच्या पिशवीत टेस्टर होता, रबरी हातमोजे होते, वायरी जोडून बघायचं यंत्र होतं. पिशवी त्यानं उघडलीच नाही. बाहेरच्या भिंतीवरचा मेन स्विच मान वर करून पाहिला आणि म्हणाला, "अर्थिंग ठीक आहे."

अर्थिंग नुसत्या नजरेनं दिसतं, हे मला त्या दिवशी कळलं.

तो लायसनवाला कॉन्ट्रॅक्टर. माझी आई शेंगाचटणी करून विकते. धंद्याचा मीटर घ्यायचा तर त्याच्या सही-शिक्क्याचा रिपोर्ट लागणार होता. पण माझा जीव अडकला होता चटणीच्या मशीनमध्ये. मशीन घेतल्यापासून आईच्या हाताला झिणझिण्या यायच्या. ओला हात लागला की जास्तच. "मुंगी चावल्यागत हुतंय, दुसरं काय न्हाय," म्हणायची. मी कामाला गेले की दिवसभर माझ्या डोळ्यांपुढे तिचे ते ओले हात.

या माणसाला मीच शोधून आणलं होतं. कारण मी त्याला काम करताना पाहिलं होतं. आणि पाहून जळले होते.

सात रस्त्याजवळच्या एका कापडाच्या दुकानात मी बिलं करते. मालक दुकानाच्या वरच राहतात. दिवाळीआधी त्यांनी घरातल्या विजेची तपासणी करून घेतली. मालकीणबाई म्हणाल्या, "जरा वर जा गं. त्यांना काही हलवायचं-बिलवायचं असेल तर बघ." गेले. यानं माझ्याकडून फ्रिज पुढे ओढून घेतला. गिझर उघडला. एकूण एक प्लग तपासला. पायमोजेसुद्धा काढून देवघरात गेला, आधी हात जोडले, मग दिव्यांच्या माळेची वायर बोटांनी चाचपली. "वहिनी, ही माळ आजच्या आज बदला. घरात लहान मुलं आहेत."

मालकिणीच्या सोन्याचा, गाडीचा हेवा मला वाटायचा, नाही असं नाही. पण तो येऊन जायचा. त्या दिवशीचा गेला नाही. तिच्या मुलांना शॉक बसू नये म्हणून एक शिकलेला माणूस फरशीवर गुडघे टेकून बसला होता. माझ्या आईसाठी असं कुणी कधी बसलं नव्हतं. मालकीण तिथं चहा गाळत होती आणि मला तिचा राग राग येत होता. तिनं माझं काहीच बिघडवलं नव्हतं.

मी त्याला जिन्यात गाठलं. "आमच्याकडं पण याल का? असंच, सगळं बघायचं."

"येऊ की. फी तीच पडेल."

तीच फी! त्या पैशांत माझा निम्मा पगार जाणार होता, तरी मी खूश. मालकिणीएवढे पैसे, मालकिणीएवढी तपासणी. वेडी मी.

तो यायच्या दिवशी आईनं घर लखलखीत पुसलं. मग कोपऱ्यावरच्या दुकानातून सीलबंद पाण्याची बाटली आणली. ही आमच्याकडची रीत. वरच्या जातीचं कुणी येणार असलं की बाटली आणायची. माठातलं पाणी पुढं केलं आणि त्यांनी नको म्हटलं, तर ते ऐकायला लागू नये म्हणून. आजवर मलाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

तो दारात आला तेव्हा हसत होता. चप्पल काढायला वाकला. वाकता वाकता त्यानं विचारलं, "रिपोर्टवर आडनाव काय घालू?"

मी सांगितलं.

तो चप्पल न काढताच सरळ उभा राहिला. मग ते बटणं दाबायचं सुरू झालं.

"मशीनला करंट येतो," मी म्हणाले. "आत येऊन बघा ना."

"गरज नाही. इथूनच दिसतंय सगळं."

आईनं बाटली पुढं केली. त्यानं ती घेतली, फिरवून सील बघितलं, झाकण दाबून बघितलं. आमच्या घरातली तेवढी एकच वस्तू त्यानं हात लावून तपासली.

मग उभ्या उभ्या रिपोर्ट लिहिला आणि फीसाठी हात पुढं केला. आईनं पैसे काढले. मी ते तिच्या हातातून घेतले.

"मालकिणीकडं तुमी देवघरात गेलता," मी म्हणाले. "हितं मशीनपर्यंत या. खाली बसा. हात लावून बघा. मग पैसे."

"रिपोर्ट हवाय ना तुम्हाला? मिळतोय तो घ्या. वाद कशाला घालता?"

"घे की पोरी," आई कळवळली. "कागुद झाला की मीटर मिळंल. साहेबांस्नी का अडवतीस?"

"ह्येनी मशीन बघितलंच न्हाय, आई. कागुद खोटा हाय." त्याला म्हणाले, "न्या तो परत. असला आमाला नको."

"दुसरा कोण येतो तुमच्याकडे, बघतोच." तो गेला. बाटली घेऊन गेला.

मी मशीनचा प्लग काढला. आई आता उखळात चटणी कांडते. खांदा धरलाय तिचा. निम्म्या ऑर्डरी गेल्या. "मालकिणीची बरोबरी करायला गेलीस," एवढंच बोलते आणि तोंड फिरवते. व्हय, बरोबरीच करायला गेले होते.

अजूनही वरच्या मजल्यावर गिझर लागला की खाली गल्ल्यावर बसून मी जळते. चांगल्या माणसानं असं जळू नये म्हणतात. मी जळणार. माझ्या आईच्या हाताला त्या घरातल्या हातांएवढी किंमत येईपर्यंत जळणार.

आता दुसरा कॉन्ट्रॅक्टर शोधतेय. फोनवर आधीच आडनाव सांगते. मग सांगते, फी पुरी देईन, पण मशीनपाशी जमिनीवर बसावं लागेल. दोघांनी फोन ठेवून दिला. तिसऱ्यालाही हेच सांगणार. आईला बजावलंय, यापुढं घरात बाटली येणार नाही. येणाऱ्याला तहान लागली तर माठ भरलेला आहे.

तोवर दुकानातून आले की मुसळ मी धरते.