न वाचलेली सूचना

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईलाही नाही. आता तुम्हाला सांगायला बसले आहे आणि सुरुवात कुठून करावी तेच कळत नाही. माझ्या कामापासून करते — ते सोपं आहे.

मी कोचिंग सायकॉलॉजी शिकवते, आणि लोकांबरोबर ते कामही करते. आमच्या गावी, सणसरला आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हंजे धावीच्या पोरांची शिकवणी घेती व्हय?" नाही आबा. माणसाला उत्तर द्यायचं नाही. त्याचं त्यालाच सापडेल असं विचारायचं आणि गप्प बसून ऐकायचं. "मग पगार कशाचा देत्यात?" व्याख्यानात मी हा किस्सा सांगते, लोक हसतात. हे विचारणं मी कुणाकडून शिकले, ते मात्र सांगत नाही.

शोभाकडून.

नव्वदच्या दशकात बारामतीच्या कॉलेजात आम्ही दोघी मानसशास्त्र घेऊन बी.ए. करत होतो. ती कऱ्हाटी गावची. दोघींच्याही घरातून कॉलेजात गेलेलं आधी कुणी नव्हतं. मार्क मला जास्त पडायचे. मग मला तिचा हेवा का वाटावा?

एका रविवारी ती आमच्या घरी आली. मी पाणी भरून परतले तर आई तिला स्वतःबद्दल सांगत होती — चौथीत ती पहिली आली होती, शाळा सोडवली तेव्हा तिनं पाटी धान्याच्या कणगीमागं लपवून ठेवली होती. वीस वर्षं मी त्या घरात राहिले. मला तिनं हे कधी सांगितलं नव्हतं. नंतर शोभाला विचारलं, तू आईला असं काय विचारलंस? "काय न्हाय गं. म्हटलं, मावशी, तुमाला शाळा आवडायची का?"

एवढंच. आणि माझ्याच आईला मी ते कधी विचारलं नव्हतं. त्या दिवसापासून मला तिचं हसणंसुद्धा खुपायला लागलं.

शेवटच्या वर्षी प्रकल्प होता. शोभानं वडगाव निंबाळकरच्या काही मुली निवडल्या — दहावीला नापास झालेल्या, ऑक्टोबरला पुन्हा बसणाऱ्या. दर शनिवारी ती एसटीनं जायची, एकेकीजवळ बसायची. शिकवायची नाही. या आठवड्यात तू काय करशील, आडवं काय येतं, असं विचारायची. सुरुवातीला आमच्या मानसशास्त्राच्या सरांनी मुलींकडून आत्मविश्वासाची प्रश्नावली भरून घेतली होती. तीच शेवटी पुन्हा भरून घ्यायची होती — पण शोभानं नव्हे, दुसऱ्या कुणीतरी. नाहीतर शोभाताईला बरं वाटावं म्हणून मुली चांगलंच लिहितील. ते काम माझ्याकडे आलं. आणि सरांनी आधीच सांगून ठेवलं होतं की, दोघींपैकी जिचा प्रकल्प चांगला होईल, तिला ते पुण्याला एम.ए.साठी त्यांच्या गुरूंकडे पाठवतील. एकीलाच.

तुम्हाला वाटेल, मी आकडे बदलले. नाही — मी एकाही कागदाला हात लावला नाही.

प्रश्नावलीच्या वर एक सूचना छापलेली असते. ती आहे तशी, शब्दाला शब्द वाचायची, हे आम्हाला पहिल्याच प्रात्यक्षिकात शिकवलेलं. 'यात बरोबर किंवा चूक असे काही नाही. तुम्हाला जे वाटते ते लिहा.' मी ती वाचली नाही. मी त्यांच्यातलीच होऊन म्हणाले, "खरं लिहा गं. उगा मोठेपणा नको. सर वाचणार हायत. आता 'जमंल' म्हणाल आन् परत नापास झालात, तर गावात हसं व्हईल."

आमच्याकडची मुलगी स्वतःबद्दल चांगलं बोलायला आधीच बिचकते. 'मला येतं' म्हणाली की आई डोळे वटारते. हे मला पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं. मीही तशीच वाढले होते.

मंगल नावाची मुलगी होती. तिनं हळूच विचारलं, "ताई, मी 'जमंल'वर खूण केलीया. चालंल का?"

मी म्हणाले, "तुला वाटतंय का तसं?"

शोभाचाच प्रश्न. पण मी तो कसा विचारला, ते मला माहीत आहे. मंगलनं खोडरबर मागून घेतलं.

प्रश्नावलीचे गुण पहिल्यापेक्षाही खाली आले. सर म्हणाले, "शोभा, नुसत्या बोलण्यानं काही होत नसावं." ती मुलींना दोष देईल असं मला वाटलं होतं. तिनं दिला नाही. "माझंच ऐकणं कमी पडलं असंल," म्हणाली. सरांची शिफारसीची चिठ्ठी मला मिळाली, मी पुण्याला गेले. ती बी.एड. करून शिक्षिका झाली.

त्याच वर्षी ऑक्टोबरच्या परीक्षेत त्यातल्या बऱ्याच मुली पास झाल्या होत्या. तोवर प्रकल्प कपाटात गेला होता. मंगल परीक्षेला बसलीच नाही. माझ्यामुळे? मला माहीत नाही. मी कधी वडगावला जाऊन विचारलं नाही — माहीत नसणं माझ्या सोयीचं होतं.

पुढे कित्येक वर्षांनी इंदापूरला शिक्षकांसाठी माझं शिबिर होतं. दुसऱ्या ओळीत शोभा बसली होती. मी फळ्यावर प्रश्न लिहीत होते, तिचेच, आणि ती ते वहीत उतरवून घेत होती. मधल्या सुट्टीत चहाचा कप घेऊन माझ्याजवळ आली.

"किती सोपं करून सांगतीस गं. मला तवा जमलंच न्हाय बघ. मी उगाच त्या पोरींचे शनिवार वाया घालवले, असं अजून वाटतं."

बोलायला तेवढा एक क्षण होता. आजूबाजूला कुणी नव्हतं. मी तिच्या दंडावर हात ठेवला आणि म्हणाले, "असू दे. प्रत्येकीला सगळंच जमतं असं नाही."

तिनं मान हलवली. मी पुढचं सत्र घ्यायला आत गेले, आणि ते मी चांगलं घेतलं.